‘ऊस नाही’ : कारखान्यातील वाया गेलेल्या तासांच्या कारणमीमांसेचा इतिहास

कारखान्यातील उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी का पडते, हा प्रश्न यंत्रोद्योगाइतकाच जुना आहे. निरनिराळ्या काळी त्याला निरनिराळी उत्तरे देण्यात आली. ही उत्तरे बदलत गेली ती ज्ञानवृद्धीमुळे, हे खरेच. परंतु कारणाची नोंद कोणी करावयाची, कोणत्या शब्दांत करावयाची आणि ती कोठवर न्यावयाची, यांवरही ती तितकीच अवलंबून राहिली. अलीकडे या शोधासाठी यंत्रशिक्षणाचा, म्हणजे ज्याला सामान्यतः मशीन लर्निंग म्हणतात त्या पद्धतीचा, उपयोग होऊ लागला आहे. पूर्वीच्या हजारो नोंदी संगणकाला पुरवावयाच्या आणि त्यांतील संबंध त्याने स्वतः शोधावयाचे, हे तिचे सामान्य स्वरूप होय. मात्र ज्या नोंदींवर ही पद्धती उभी राहते, त्या नोंदींना स्वतःचा एक इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात हा इतिहास तीन टप्प्यांत पाहावयाचा आहे : मुंबईच्या कापडगिरण्या, स्वातंत्र्योत्तर काळातील अहमदाबाद व मुंबई येथील संशोधन, आणि महाराष्ट्रातील साखर कारखाने. शेवटचा टप्पा कारखान्याच्या फाटकातून न पाहता बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातून, युसूफ वडगावसारख्या गावाच्या बाजूने पाहिला आहे. कारण, ज्या तासाचा हिशेब कारखाना ठेवतो त्याचे दुसरे टोक या भागात आहे.

१. कारण म्हणजे आरोप

मुंबईतील पहिली यशस्वी कापडगिरणी कावसजी दावर यांनी काढली व ती १८५६ मध्ये चालू झाली. पुढील अर्धशतकात गिरण्यांची संख्या वाढली, विजेचे दिवे आले आणि कामाचे तास लांबले. १९०७-०८ मध्ये नेमलेल्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे जी साक्ष झाली, तीत एक तक्रार वारंवार येते : हिंदी कामगार यंत्रापाशी सलग उभा राहत नाही, तो वरचेवर बाहेर जातो व रेंगाळतो. उत्पादन कमी येण्याचे कारण येथे कामगाराच्या स्वभावात शोधण्यात आले. तथापि बारा-तेरा तास, आणि प्रसंगी त्याहूनही अधिक काळ, यंत्रापाशी उभ्या असणाऱ्या माणसाने मध्येच विसावा घेतला, तर तो दीर्घ तासांचा परिणाम मानावयाचा की दीर्घ तास ठेवण्याचे समर्थन, हा प्रश्न त्याच साक्षीतून उद्भवतो. कमिशनच्या बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास नकार दिला, डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून थेट मर्यादेचा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ही मर्यादा बारा तासांवर आणि १९२२ च्या दुरुस्तीने सर्व कारखान्यांत दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांवर आणली.

या वादात दोन्ही पक्षांपुढे वस्तुस्थिती एकच होती. कामगार जागेवर नव्हता, हे कोणी नाकारीत नव्हते. मतभेद होता तो कार्यकारणाच्या दिशेविषयी. ‘तो रेंगाळतो म्हणून तास लांबवावे लागतात’ आणि ‘तास लांब आहेत म्हणून तो रेंगाळतो’ या दोन विधानांतून एकाची निवड केवळ हजेरीपटावरून करता येत नाही. पुढे संगणकाच्या संदर्भात हाच मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. म्हणून तो येथे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

१९२८ मध्ये हाच वाद अधिक तीव्र स्वरूपात प्रकट झाला. काही गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या योजना आणल्या : कताईखात्यात एका कामगाराने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्या, विणाईखात्यात दोनांऐवजी तीन माग चालवावे, असे त्यांचे स्वरूप होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार सामील झाले. संप मिटल्यावर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली व तिने १९२९ मध्ये आपला अहवाल सादर केला. या वादाचे तांत्रिक मर्म सूत तुटण्याच्या प्रमाणात होते. एक कामगार किती चात्या सांभाळू शकेल, हे त्याच्या चपळतेवर जितके ठरते, तितकेच दर तासाला किती धागे तुटतात यावर ठरते. आणि धागे तुटणे हे कापसाची प्रत, पूर्वतयारीच्या खात्यातील काम आणि हवेतील आर्द्रता यांवर अवलंबून असते. हलका कापूस घालावयाचा आणि कताईवाल्याच्या नावे कमी उत्पादनाची नोंद करावयाची, असे घडले तर नोंद खोटी ठरत नाही. तिने दाखविलेले कारण मात्र खोटे ठरते.

२. आरोपाकडून मोजमापाकडे

स्वातंत्र्याच्या सुमारास या प्रश्नाकडे पाहण्याची रीत पालटली. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली होती. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार स्वाभाविकपणे होतच राहतात. काही मात्र विशिष्ट, शोधून काढता येण्याजोग्या कारणांनी होतात. या दोहोंत भेद करावयाचा आणि पहिल्या प्रकारच्या चढउताराबद्दल कोणासही दोष द्यावयाचा नाही, हे त्या कल्पनेचे सार आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतात आले आणि येथील कारखान्यांत संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाचा प्रसार होऊ लागला. १९४७ मध्ये अहमदाबादेस कापडउद्योगाची ‘अटिरा’ ही संशोधनसंस्था विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. मुंबईत १९५४ मध्ये ‘बिट्रा’ निघाली आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद अस्तित्वात आली.

या काळातील एक प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसविल्यावरही उत्पादन व प्रत अपेक्षेप्रमाणे येईनात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये त्याचा अभ्यास केला. यंत्रे सुस्थितीत होती आणि कामगारही कुचराई करीत नव्हते. उणीव होती ती कामाच्या वाटणीत : अनेक प्रकारची कामे करणारी माणसे एकाच मागसमूहावर राबत असत, परंतु कोण कोणाबरोबर बांधलेला आहे हे निश्चित नव्हते. मागांचे लहान गट पाडून प्रत्येक गट एका कामगारसमूहाकडे पूर्णपणे सोपविल्यावर उत्पादनात सुधारणा झाली. या प्रयोगाचे महत्त्व असे की, जे कारण सापडले ते त्यापूर्वीच्या कोणत्याही नोंदवहीच्या रकान्यात नव्हते. यंत्राचा रकाना होता, माणसाचा होता. माणसामाणसांतील संबंधाचा नव्हता.

३. साखर कारखान्याची नोंदवही

महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरानगर येथे झाला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी उभारलेल्या त्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा होय. त्यानंतर राज्यभर कारखाने निघाले. १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. हीच पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली.

वाया गेलेल्या वेळेचा हिशेब साखर कारखान्याइतका बारकाईने ठेवणारे उद्योग थोडे आहेत. त्याचे कारण या उद्योगाच्या प्रकृतीतच आहे. गव्हाणीत पहिली मोळी पडल्यापासून हंगाम संपेपर्यंत कारखाना रात्रंदिवस चालवावयाचा असतो. उदाहरणादाखल दररोज २५०० टन गाळपक्षमतेचा कारखाना घेतला, तर एक तास बंद पडणे म्हणजे सुमारे १०४ टन ऊस न गाळला जाणे होय. शिवाय थांबलेल्या भांड्यांतील रस खराब होतो, वाफ वाया जाते आणि पुन्हा चालू करताना इंधन अधिक लागते. दुसरीकडे तोडलेला ऊस वाट पाहत नाही. तोडणीनंतर त्यातील साखरेचे विघटन सुरू होते व उशिराच्या प्रमाणात उतारा घटतो. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गाळावा, असे तंत्रज्ञ सांगत आले आहेत.

यामुळे प्रत्येक पाळीत कारखाना किती वेळ बंद राहिला आणि का, हे लिहून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. कारणांची शीर्षके सामान्यतः ठरलेली असतात : यांत्रिक, विद्युत, प्रक्रियाविषयक, साफसफाई, इतर; आणि या सर्वांबरोबर ‘ऊस नाही’. कारखान्याच्या बोलीत या शेवटच्या शीर्षकाला ‘नो केन’ असेच म्हणतात.

ही शीर्षके निरुपद्रवी दिसतात. परंतु प्रत्येक शीर्षक एका खात्याकडे बोट दाखविते. ‘यांत्रिक’ लिहिले की अभियांत्रिकी विभागाला उत्तर द्यावे लागते, ‘ऊस नाही’ लिहिले की शेतकी विभागाला. गिरणीचा रोलर झिजल्यामुळे गाळप मंदावले आहे आणि त्याच वेळी यार्डात वाहनेही थोडी आहेत, अशा स्थितीत तो तास कोणत्या शीर्षकाखाली घालावयाचा, हे पाळीवरील माणसाच्या निर्णयावर राहते. म्हणून नोंदवहीतील ‘कारण’ हे वस्तुतः एक निवाडा असते. त्यात तांत्रिक निरीक्षण असते, तसाच खात्याखात्यांतील तोलही असतो.

४. ‘ऊस नाही’ या दोन शब्दांमागे

यांत्रिक बिघाडाची नोंद उलगडत गेल्यास शेवटी एखादा पट्टा, एखादे बेअरिंग किंवा एखादा रोलर हाती लागतो. ‘ऊस नाही’ ही नोंद उलगडू लागले की कारखान्याचे फाटक ओलांडावे लागते. अवकाळी पावसाने शेतात ट्रॅक्टर रुतला असेल. तोडणीचा कार्यक्रम चुकला असेल. वाहन वाटेत नादुरुस्त झाले असेल. किंवा तोडणी करणाऱ्या टोळीतील माणसे त्या दिवशी फडात उतरली नसतील. या साऱ्या भिन्न घटना वहीत येताना एकाच शीर्षकात विलीन होतात.

शेवटच्या शक्यतेचा माग काढीत गेल्यास वाट बीड जिल्ह्यात पोहोचते. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बालाघाटाच्या डोंगराळ, अल्पपर्जन्य भागातील शेतीवर वर्षभर निर्वाह होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, आताचा अहिल्यानगर जिल्हा आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊसतोडणीसाठी निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. केज तालुका याच पट्ट्यातील आहे. त्याच तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर धरण आहे आणि नदीकाठच्या भागात ऊसही पिकतो. एकाच तालुक्यात ऊस लावणारा शेतकरी आणि परमुलखात ऊस तोडणारा मजूर यांची घरे आहेत. म्हणून युसूफ वडगावच्या परिसरातून पाहिले असता साखरधंद्याची दोन्ही टोके एकाच दृष्टिक्षेपात येतात. अशी सोय कारखान्याच्या कचेरीत बसून होत नाही.

या मजुरीची रचना पाहण्यासारखी आहे. मुकादम हंगामापूर्वी कुटुंबाला उचल देतो. तोडलेल्या उसाच्या टनांवर मजुरी धरली जाते व तीतून उचल फिटते. मजुरांची गणना ‘कोयत्या’ने होते, आणि एक कोयता म्हणजे सामान्यतः नवराबायकोची जोडी. पुरुष तोडतो, स्त्री मोळ्या बांधते व डोक्यावरून वाहून नेते, अशी कामाची वाटणी पुष्कळदा असते. जोडीतील एक आजारी पडला की पूर्ण कोयता थंडावतो. त्या दिवसाचा ‘खाडा’ धरला जातो आणि त्याची रक्कम कापली जाते.

म्हणजे वाया गेलेल्या वेळेचे हिशेब दोन आहेत. कारखान्याच्या वहीत तो ‘ऊस नाही’ या शीर्षकाखाली तासांत नोंदला जातो. मुकादमाच्या वहीत ‘खाडा’ म्हणून दिवसांत व रुपयांत. दोन्ही वह्यांत कारणाचा रकाना मजुराच्या बाजूने कोरा आहे. ताप होता की बाळंतपण जवळ आले होते, रात्री दोन वाजता गाडी भरावी लागल्याने झोप झाली नव्हती की पिण्याचे पाणी दूषित होते, याची नोंद कोठेच होत नाही.

नोंद न झालेल्या कारणाची किंमत चुकत नाही. ती दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण शेकडा सुमारे सतरा पडते. या शस्त्रक्रियांमागे एकच कारण नव्हते. लहान वयातील लग्ने व बाळंतपणे, उपचाराविना राहिलेले आजार आणि खाजगी दवाखान्यांतील सल्ला यांचा त्यात वाटा होता. परंतु पाळी किंवा पोटदुखी यांमुळे पडणारा खाडा हेही एक कारण अनेक स्त्रियांनी सांगितले. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस वेळेवर पडत राहिला, याच्या मागील एक हिशेब येथे उघड होतो. जो दिवस वाया गेलाच नाही, त्याची नोंद उत्पादकतेच्या कोणत्याही वहीत होत नसते.

५. यंत्रशिक्षण काय सांगते आणि काय सांगत नाही

आता संगणकाच्या पद्धतीकडे वळता येईल. प्रत्येक पाळी ही एक ओळ मानावयाची. उसाची आवक, यार्डातील वाहनांची रांग, वाफेचा दाब, मोटारींचे तापमान, पाऊस, आदल्या पाळीतील बंद वेळ हे रकाने. आणि किती मिनिटे वाया गेली हा शोधावयाचा आकडा. निर्णयवृक्षांसारख्या पद्धती या ओळींचे वारंवार दोन भाग पाडीत जातात आणि कोणत्या रकान्यावर भाग पाडल्यास अंदाज अधिक अचूक होतो, ते ठरवितात. लिओ ब्राइमन यांनी २००१ मध्ये अशा अनेक वृक्षांचा समूह वापरण्याची रीत मांडली. तिच्यामुळे ही पद्धती पुष्कळ भरवशाची झाली. मोटारीच्या कंपनांतील सूक्ष्म बदलावरून बेअरिंग निकामी होण्याची पूर्वसूचना मिळणे, अनेक घटकांच्या एकत्रित परिणामामुळे होणारा बिघाड उघड होणे, हे तिचे खरे लाभ होत. ते नाकारण्याचे कारण नाही.

तथापि अंदाज व कारण यांत अंतर आहे. यार्डात वाहनांची रांग वाढली की कारखाना अधिक वेळ बंद असतो, असा संबंध संगणकाला निश्चित सापडेल. त्यावरून रांग हे बंद पडण्याचे कारण आहे, असा निष्कर्ष काढल्यास तो हास्यास्पद ठरेल. कारखाना बंद पडला म्हणून रांग वाढली, हेच बहुधा खरे. १९०८ च्या कमिशनपुढे ‘रेंगाळणे’ व ‘लांब तास’ यांविषयी जो पेच होता, तोच हा होय. दुसरी अडचण शीर्षकांची आहे. ‘ऊस नाही’ आणि ‘यांत्रिक’ यांतील निवड जर खात्याखात्यांतील तोलावर झाली असेल, तर त्या नोंदींवर शिकलेला संगणक बंद पडण्याची कारणे न शिकता ती लिहिण्याची सवय शिकेल, आणि तीच सवय आकड्यांच्या अधिकाराने परत करील.

कार्यकारणाचा निर्णय करावयाचा, तर परिस्थिती जाणूनबुजून बदलून पाहावी लागते, किंवा निसर्गतः झालेला बदल काळजीपूर्वक वापरावा लागतो. याची दोन उदाहरणे देता येतील. तारापूर व उंबरगाव या औद्योगिक क्षेत्रांतील १७ कापडउद्योगसंस्थांच्या २८ कारखान्यांत निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने निवडलेल्या काही कारखान्यांना व्यवस्थापनाचे सविस्तर साहाय्य देण्यात आले, इतरांना केवळ पाहणीपुरते. यंत्रबिघाड, दोष व साठा यांची रोज नोंद ठेवणे व त्यावर चर्चा करणे हा त्या साहाय्याचा गाभा होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. येथे कारण सिद्ध झाले ते निवडीच्या रीतीमुळे; केवळ आकड्यांच्या राशीतून ते सिद्ध झाले नसते.

दुसरे उदाहरण उष्म्याचे. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन व मीनू तेवारी यांनी २०२१ मध्ये भारतीय कारखान्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. वार्षिक तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास कारखान्याचे उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. त्यातील एक निष्कर्ष प्रस्तुत विषयाशी निकटचा आहे : कारखान्यात हवा थंड ठेवण्याची सोय केल्यास कामावरील उत्पादकतेची घट टळते, परंतु गैरहजेरी टळत नाही. कामगार ज्या घरात झोपतो व ज्या वाटेने येतो, तेथील उष्मा कायमच असतो. कारखान्याच्या भिंतींच्या आतील सुधारणा त्या कारणापर्यंत पोहोचत नाही.

ऊसतोड मजुराच्या बाबतीत तर काम उघड्या फडात आणि घर पालाच्या खोपीत. ‘ऊस नाही’ या शीर्षकामागील कारणांचा प्रामाणिक शोध घ्यावयाचा, तर नोंदींची मर्यादा फडापर्यंत न्यावी लागेल. ऊस कोणत्या वेळी तोडला गेला, वाहन किती वेळ थांबले, वस्तीवर पाणी होते की नव्हते, आजाराचे दिवस किती, हे त्या पंक्तीत आले, तरच कोणता उपाय किती तास वाचवितो हे तपासता येईल. खोपीजवळ स्वच्छ पाणी व दवाखान्याची फेरी यांमुळे किती तास वाचले, याचाही हिशेब रोलरच्या दुरुस्तीच्या हिशेबाइतक्याच काटेकोरपणे होऊ शकतो.

मात्र येथे एक धोका आहे व तो लहान नाही. हेच रकाने कोयत्याच्या क्रमांकासह भरले गेले आणि मुकादमाच्या हाती पडले, तर कोणती जोडी वारंवार खाडा करते, कोणत्या स्त्रीला पुढील हंगामात उचल द्यावयाची नाही, हे संगणक क्षणात सांगेल. कारणाचा शोध पुन्हा आरोपात परिणत होईल आणि १९०८ पासून चालत आलेले वर्तुळ पूर्ण होईल. १९२८ मध्ये कार्यक्षमतेच्या योजनेविषयी कामगारांना आपले म्हणणे मांडण्यास संघटना तरी होती. मजुराच्या नावाने साठविलेल्या आकड्यांना प्रश्न विचारण्याची सोय फडातील कोयत्याला आज क्वचितच आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. वाया गेलेल्या वेळेचे कारण ही आपोआप आढळणारी वस्तू नसून ती नोंदीच्या शीर्षकांतून घडते. मोजमापाची साधने सुधारली तशी यंत्रांविषयीची कारणे अधिक अचूक झाली. माणसांविषयीची कारणे मात्र, अहमदाबादसारखे थोडे अपवाद सोडल्यास, प्रश्न विचारणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून राहिली. आणि यंत्रशिक्षणाने या दुसऱ्या अडचणीचे निराकरण होत नाही. जुन्या वहीतील शीर्षके ते जशीच्या तशी स्वीकारते.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने संगणकाच्या पद्धतीइतकेच लक्ष वहीच्या रकान्यांकडे दिले पाहिजे. साखर कारखान्यांच्या दैनिक अहवालांतील बंद वेळेची शीर्षके दशकागणिक कशी बदलली, कोणती नवी आली व कोणती एकमेकांत मिसळली, याचा क्रमवार अभ्यास इतिहास, संख्याशास्त्र व समाजशास्त्र या तिन्ही विभागांतील विद्यार्थ्यांना हाती घेता येण्याजोगा आहे. त्याच्या जोडीला केज, धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतील परतलेल्या कुटुंबांकडून खाड्याच्या दिवसांची कारणे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली, तर कारखान्याच्या वहीतील ‘ऊस नाही’ या नोंदीशेजारी तिचा दुसरा अर्धा भाग ठेवता येईल.